खाडीपलीकडील कोर्लई

मोठी शहरे पाहावयास जाणारे पुष्कळ असतात. लहान गाव मुद्दाम पाहावयास जाणारे थोडे. शहरात काय पाहावे याची यादी कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते. राजवाडा, संग्रहालय, बाग, बाजार असा क्रम लावला की संध्याकाळपर्यंत शहर 'पाहून' होते. लहान गावाचे तसे नाही. तेथल्या माणसास 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' असे विचारावे, तर तो क्षणभर गोंधळतो आणि म्हणतो, "काही नाही हो, आमचे आपले साधे गाव." परंतु त्याला जे साधे वाटते, ते सात-आठ पिढ्यांनी सांभाळून त्याच्या हाती दिलेले असते. ते पाहावयाचे तर घाई उपयोगाची नाही. तेथे एक रात्र तरी राहावे लागते, ओट्यावर बसावे लागते आणि मुख्य म्हणजे ऐकावे लागते.

ऐकण्यासाठीच जावे असे एक गाव रायगड जिल्ह्यात, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, समुद्रकाठी आहे. त्याचे नाव कोर्लई. आमच्या वाचकांपैकी अनेकांची घरे गोव्यात, बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरीत, बडोद्यात किंवा हैदराबादेत आहेत. त्यांना हे गाव नकाशात शोधावे लागेल. पण तेथे जे चालले आहे ते ऐकल्यावर हे गाव आपल्या घराच्या फार जवळचे आहे, असे त्यांना वाटल्यावाचून राहणार नाही.

वाटेवरचे चौल आणि रेवदंडा

अलिबागेहून दक्षिणेस निघाले की काही वेळातच रस्त्याच्या दोन्ही अंगांस नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. वाडीत घर, घरामागे विहीर, विहिरीवर एके काळी राहाट, आणि पाटाने झाडांच्या बुंध्यांशी खेळत जाणारे पाणी. भर दुपारी सुद्धा येथे सावली हटत नाही. राहाटांची करकर आता पंपांनी बंद केली आहे. पण वाड्यांचा थंडावा कायम आहे. हेच ते जुने चौल. 'चेमूल' या नावाने कान्हेरीच्या शिलालेखांत आलेले, दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी भूगोलकारांस ठाऊक असलेले बंदर. रशियातील त्वेर या नगरीचा व्यापारी अफानासी निकितिन हा १४६९ च्या सुमारास हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला तो येथेच. त्याचे स्मारक आज रेवदंड्यास उभे आहे. आज येथे उतरणाऱ्याला बंदराचा थाट कोठे दिसत नाही. परंतु मार्गशीर्षात चौलच्या दत्ताच्या डोंगरावर यात्रा भरते, तेव्हा पंचक्रोशीतील माणसे लोटतात आणि जुन्या बाजारपेठेची थोडी कल्पना येते.

चौलला लागूनच रेवदंडा. कुंडलिका नदी येथे समुद्रास मिळते. पोर्तुगीजांचे आरमार या पाण्यात सोळाव्या शतकाच्या प्रारंभीच आले. १५०८ साली येथल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. पुढे १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्यास ठाणे घातले. त्या ठाण्याचा तट आजही गावाभोवती उभा आहे. गावचा रस्ता तटाच्या दरवाजातूनच आत शिरतो. आत पडक्या चर्चच्या भिंती आणि एक उंच मनोरा दिसतो. त्यास लोक 'सातखणी बुरूज' म्हणतात. सात खणांपैकी थोडेच आता शिल्लक आहेत. बाकीच्या जागी आकाश आहे. खाली माडांची झावळी वाळत घातलेली असते, मुले खेळत असतात, आणि चारशे वर्षांचा तट म्हणजे जणू वाडीचे कुंपणच, अशा सहजपणाने गाव त्याच्याशी वागते.

रेवदंड्यात आणखी एका समाजाच्या खुणा आहेत. येथील बेने इस्रायल ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी ते काम बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस 'शनवार तेली' हे नाव दिले. त्यांची आडनावे गावांवरून पडलेली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, आष्टमकर. घरात भाषा मराठी, देवाजवळ हिब्रू. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. जाताना ती आपल्याबरोबर पुरणपोळी घेऊन गेली आणि मराठीही घेऊन गेली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक या लोकांनी त्या दूर देशात चालविले, ही गोष्ट पुष्कळ मराठी माणसांस ठाऊक नसते. रेवदंड्याचे सिनेगॉग मात्र आता बहुधा शांत असते. माणसे जातात, भाषा त्यांच्याबरोबर जाते. कोर्लईची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथे राज्य गेले, राज्यकर्ते गेले, आणि भाषा मागे राहिली.

डोंगर, किल्ला आणि गाव

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. खाडीच्या मुखाशी समुद्रात मुसंडी मारणारा एक लांबट, उघडा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर किल्ल्याची तटबंदी. पोर्तुगीज यास 'मोरो' म्हणजे डोंगराचे टोक म्हणत. हा डोंगर ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडी. म्हणून निजामशाहीने येथे किल्ला बांधावयास घेतला, आणि म्हणूनच १५९४ साली पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे हा डोंगर त्यांच्याकडे होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि पुढल्याच वर्षी झालेल्या तहान्वये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आली. १८१८ नंतर इंग्रज आले. आज किल्ल्यावर गवत, करवंदीच्या जाळ्या, गंजलेल्या तोफा, पावसाचे पाणी साठविण्याचे टाके आणि छप्पर उडालेले एक प्रार्थनामंदिर आहे. दरवाजावरील पोर्तुगीज शिलालेख वाऱ्यापावसाने झिजत आहे. खालच्या अंगास दीपगृह असून त्याच्या बाजूने वर जाण्याची वाट आहे.

पूर्वी रेवदंड्याहून कोर्लईस जावयाचे म्हणजे तरीतून खाडी ओलांडावी लागे. आता साळावचा पूल झाला आहे. पूल ओलांडून उजवीकडे वळले, की थोड्याच वेळात डोंगराच्या कुशीत दाटीने वसलेले गाव दिसू लागते. किनाऱ्याशी कोळ्यांची वस्ती. होड्या ओढून ठेवलेल्या, वलांडीवर बोंबील सुकत घातलेले, त्यांचा उग्र वास वाऱ्याबरोबर गावभर फिरणारा. गावात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि डोंगराच्या बाजूस ख्रिस्ती वस्ती आहे. तेथे घरे एकमेकांस चिकटून, अंगणे झाडलेली. गावचे मंदिर कार्मेल डोंगराच्या मातेच्या नावाचे आहे.

या वस्तीतील लोक पाहुण्याशी मराठी बोलतात, आणि ती चांगली स्वच्छ मराठी असते. वरवर पाहून निघून जाणाऱ्यास दुसरे काही कळणारही नाही. पण ओट्यावर बसून पाणी पीत असता घरातील दोन माणसे आपसात बोलू लागली, की कान टवकारतात. सूर मराठीचा, ठेका मराठीचा, पण शब्द ओळखीचे नाहीत! चौकशी केली की उत्तर मिळते, "ही आमची भाषा. नो लिंग."

'नो लिंग', म्हणजे आमची भाषा

'नो' म्हणजे आमची, 'लिंग' म्हणजे भाषा. पोर्तुगीज 'लिंग्वा' या शब्दाचे शेपूट गळून झालेले रूप. लोक आपल्या बोलीस एवढेच म्हणतात. बाहेरचे अभ्यासक तिला कोर्लईची क्रिओल पोर्तुगीज किंवा 'क्रिस्ती' म्हणतात. ती बोलणारी माणसे हजाराच्या आतबाहेरच आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत चौलच्या ठाण्यातील पोर्तुगीज शिपाई, त्यांनी येथल्या स्त्रियांशी केलेले विवाह, आणि ख्रिस्ती झालेले येथलेच कष्टकरी लोक, यांच्या एकत्र राहण्यातून ही बोली जन्मास आली. शब्द बव्हंशी पोर्तुगीज, तोंडे मराठी.

आमच्या शाळेत व्याकरण शिकलेल्या वाचकांस तिची एक गंमत सांगावीशी वाटते. पोर्तुगीज मनुष्य 'मी खातो भात' अशा क्रमाने बोलतो. क्रियापद मध्ये, कर्म शेवटी. कोर्लईचा मनुष्य आपल्या बोलीत क्रियापद शेवटी ठेवतो, अगदी आपण ठेवतो तसे. पोर्तुगीज म्हणेल 'घर पेद्रोचे'. कोर्लईकर म्हणेल 'पेद्रोचे घर'. म्हणजे विटा लिस्बनच्या, पण घर बांधले कोकणी गवंड्याने. शेकडो वर्षे चहूबाजूंनी मराठी ऐकत आल्याने त्या बोलीचा सांगाडाच मराठी वळणाचा झाला. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. आपण सकाळी उठून चावीने कुलूप उघडतो, बादलीत पाणी भरतो, बटाट्याची भाजी पावाशी खातो, महिन्याच्या शेवटी पगाराची वाट पाहतो, मुलीच्या वेणीस फीत बांधतो. यांतील चावी, बादली, बटाटा, पाव, पगार, फीत हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले आहेत. उन्हाळ्यातील हापूसही त्यांच्याच अफोन्सोचा. गोव्यातील आसगाव येथे जन्मलेले विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा कोशच १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १९०६ साली त्यांनीच मुंबई-वसईपासून चौलपर्यंतच्या या उत्तरेकडील क्रिओल पोर्तुगीजची माहिती लिहून ठेवली होती. त्या बोलीची मोठी शाखा, मुंबई-वसईकडील, आज ऐकावयास मिळत नाही. या किनाऱ्यावर ती आज घरोघर बोलली जाते ती कोर्लईस.

मोठ्या शहराजवळची बोली विझली आणि या आडबाजूच्या गावातील तग धरून राहिली, ती का? एक तर जागा. पुढे समुद्र, बाजूस खाडी, पाठीशी डोंगर. दुसरे, जातीधर्माच्या भिंती. या लोकांचे विवाह बहुतेक आपसातच होत आले. शेजाऱ्यांशी व्यवहार होता, पण सोयरीक नव्हती. या भिंतींचे आम्ही कौतुक करीत नाही. त्यांनी माणसांस दुःखही पुष्कळ दिले. पण त्यांच्या आड ही बोली वाढली हेही खरे. तिसरे कारण मंदिर. येथे येणारे धर्मगुरू दीर्घ काळ पोर्तुगीज जाणणारे असत आणि लोकांच्या प्रार्थना त्या भाषेत चालत. त्यामुळे घरच्या बोलीस देवळातून आधार मिळे.

आजीची हाक

आता काळ पालटला आहे. १९६२ ते १९६५ या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत उपासना होऊ लागली. कोर्लईच्या मंदिरात मराठी आली. हे उचितच झाले. कारण मराठी त्या लोकांची परकी भाषा नव्हे. फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची पहिली छपाई १६१६ साली राचोल येथे झाली, तेव्हापासून ख्रिस्ती भक्ती मराठीत बोलत आली आहे. मुलांची शाळा मराठी, बाजार मराठी, पुलापलीकडच्या नोकऱ्या मराठी-हिंदीच्या, आणि घरोघरी दूरदर्शनसंच. नो लिंग उरली ती चुलीपाशी, अंगणात आणि भांडणात.

आम्ही एका अंगणात बसलो होतो. एक वृद्ध स्त्री तांदूळ निवडीत होती. तिने नातवास हाक मारून काहीतरी आणावयास सांगितले, ते त्यांच्या बोलीत. मुलगा दारातून ओरडला, "थांब ना आजी, अभ्यास करतोय!" हे मराठीत. आजीने आणखी दोन शब्द टाकले. मुलाने निमूट सूप आणून दिले. एकाने एका भाषेत बोलावे, दुसऱ्याने दुसऱ्या भाषेत उत्तर द्यावे, आणि काम बिनचूक व्हावे, हे पाहून आम्हांस प्रथम हसू आले.

"आजी, नातवाला तुमची भाषा येते ना?" आम्ही विचारले.

"कळते सगळी," ती तांदळातील खडा बाजूला टाकीत म्हणाली. "बोलायला सांगा, तर मराठीतून बोलतो. शाळेत पोरं हसतात म्हणे. मी रागावत नाही. पण मीही मराठीतून बोलू लागले, तर मग याला कळणार तरी कुठून? म्हणून मी आपली बोलत राहते."

त्या बाईने भाषाशास्त्रावरील ग्रंथ वाचला नव्हता. पण भाषा कशी टिकते आणि कशी जाते, हे तिने एका वाक्यात सांगितले. २०१० साली केरळात कोचीजवळील वायपीन बेटावर एक वृद्ध गृहस्थ वारले. तेथील क्रिओल पोर्तुगीज अस्खलित बोलणारे ते शेवटचे होते. त्यांच्याशी त्या बोलीत बोलणारा कोणी उरला नव्हता. भाषा मरते ती अशी: बोलणाऱ्याचे तोंड बंद होण्याच्या पुष्कळ आधी ऐकणाऱ्याचे उत्तर बदललेले असते.

ही गोष्ट आपल्या घरची

येथे आम्ही वाचकांस एक प्रश्न विचारू इच्छितो. कोर्लईत मराठी ही मोठी भाषा आहे. शाळेची, कचेरीची, प्रतिष्ठेची. तिच्यापुढे नो लिंग संकोचून उभी राहते. परंतु इंदुरात काय चित्र आहे? बडोद्यात, हैदराबादेत, बेळगावच्या पलीकडील गावांत काय आहे? तेथे आपली मराठी हीच ओट्यावरची भाषा झालेली आहे. तेथे हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड किंवा इंग्रजी ही शाळेची भाषा, आणि नातू दारातून उत्तर देतो ते त्या भाषेत. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्याबरोबर आपले पूर्वज तिकडे गेले. त्याही आधी सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर लोक तंजावरास गेले आणि तेथील मराठी अद्याप काही घरांत बोलली जाते. राज्ये गेली. पोर्तुगीजांचे गेले तसेच तीही गेली. भाषा राहिली ती कोणा राजामुळे नव्हे, तर अंगणात तांदूळ निवडीत 'मी आपली बोलत राहते' असे म्हणणाऱ्या बायकांमुळे.

शाळेची भाषा शिकू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्या प्रांतात राहावयाचे, त्या प्रांताची भाषा उत्तम यावी. शेजारधर्म तोच सांगतो. कोर्लईच्या लोकांनीही मराठी मनापासून आत्मसात केली आहे. पण दोन भाषा येणे हे ओझे नव्हे. तो मुलगा आजीची बोली समजतो आणि मराठीत अभ्यास करतो, म्हणजे त्याच्याजवळ दोन घरांच्या चाव्या आहेत. त्यांतील एक, शाळेत कोणी हसले एवढ्यावरून, त्याने विहिरीत टाकू नये एवढेच.

जावयाचे असेल तर

पावसाळा संपल्यावर, नवरात्रापासून फाल्गुनापर्यंत जावे. मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांस गेटवेपासून मांडव्यापर्यंत लाँच मिळते. पावसाळ्यात ती बहुधा बंद असते. गोवा, बेळगावकडून येणाऱ्यांनी रोह्यास उतरून कुंडलिकेच्या काठाने रेवदंडा गाठावा. किल्ल्यावर सकाळच्या उन्हात चढावे. पाणी बरोबर घ्यावे. तटाचे दगड ढिले झाले आहेत, मुलांस त्यांवर चढू देऊ नये.

आणखी एक विनंती. हे गाव म्हणजे प्रदर्शन नव्हे. 'तुमची ती पोर्तुगीज बोलून दाखवा पाहू' असे म्हणून कोणाच्या तोंडापुढे यंत्र धरू नये. लोक स्वभावाने मोकळे आहेत. बसावयास सांगतात, पाणी देतात. आधी आपले गाव सांगावे, आपल्या घरी कोणती भाषा बोलतात ते सांगावे. मग बोलण्यास बोलणे लागते आणि दुसऱ्या चहाच्या वेळी नो लिंग आपोआप कानी पडते. गावातल्या टपरीवरून दोन वस्तू विकत घ्याव्यात, कोळणीकडून सुके बोंबील घ्यावेत, आणि मुलांशी बोलताना त्यांच्या आजीच्या भाषेचे दोन शब्द मोठ्या आदराने विचारून घ्यावेत. बाहेरच्या माणसाने आदराने विचारलेली भाषा मुलांच्या नजरेत एकदम मोठी होते, हे आम्ही त्या अंगणात पाहिले. आम्ही 'सुपाला तुमच्यात काय म्हणतात?' असे विचारताच तो अभ्यास करणारा मुलगा वही टाकून बाहेर आला आणि आजीच्या आधी त्यानेच शब्द सांगितला.